हळदीचे तेल आणि अर्क

हळदीचे तेल आणि हळदीचा अर्क हे हळदीच्या (शास्त्रीय नाव : कुरकुमा लोंगा, कुल : सिंजिबरेसी, म्हणजेच आर्द्रक कुल) मूलक्षोडापासून, अर्थात जमिनीखाली वाढणाऱ्या खोडापासून, मिळणारे दोन भिन्न पदार्थ आहेत. तेल बाष्पनशील असून ते वाफेच्या साहाय्याने वेगळे करतात. हळदीचा विशिष्ट गंध त्यात असतो. अर्क विद्रावकाच्या साहाय्याने काढतात आणि हळदीचा पिवळा रंग, म्हणजे कुरकुमीन व त्याची संबंधित संयुगे, त्यात उतरतात. दोन्ही पदार्थांत कमीअधिक प्रमाणात प्रतिऑक्सिडीकारक गुण (तेले व खाद्यपदार्थ खवट होण्याची क्रिया मंदावण्याची क्षमता) आणि सूक्ष्मजीवरोधी गुण (जीवाणू व बुरशी यांची वाढ रोखण्याची क्षमता) आढळतात. मात्र हे गुण दोहोंत सारखे नसतात. तसेच प्रयोगशाळेत दिसलेला प्रत्येक गुण मानवी शरीरात त्याच प्रमाणात प्रत्ययास येतो, असेही नाही.

महाराष्ट्रात हिंगोली जिल्हा हळदीच्या उत्पादनासाठी प्रसिद्ध आहे. जिल्ह्यातील ‘वसमत हळद’ या उत्पादनास २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. हळदीचे मोल तिच्यातील कुरकुमीन व तेल यांवर अवलंबून असल्यामुळे, आणि हे दोन्ही घटक काढणीनंतरच्या हाताळणीत घटू शकत असल्यामुळे, या गुणधर्मांचा अभ्यास शेतकऱ्यांच्या दृष्टीनेही महत्त्वाचा ठरतो.

हिंगोली जिल्हा आणि हळद

हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्याचे विभाजन होऊन अस्तित्वात आला. हिंगोली, वसमत, कळमनुरी, सेनगाव आणि औंढा नागनाथ हे त्याचे पाच तालुके होत. पूर्णा, पैनगंगा व कयाधू या जिल्ह्यातील प्रमुख नद्या आहेत. पूर्णा नदीवरील येलदरी व सिद्धेश्वर धरणांच्या पाण्यामुळे वसमत परिसरात बागायती पिकांना वाव मिळाला. हळद हे आठ ते नऊ महिने शेतात राहणारे व नियमित पाणी मागणारे पीक असल्याने सिंचनाच्या सोयीचा तिला विशेष लाभ झाला.

लागवड सामान्यतः मे–जून महिन्यांत आणि काढणी जानेवारीअखेरपासून मार्चपर्यंत होते. या भागात ‘सेलम’ ही जात मोठ्या प्रमाणावर घेतली जाते. हळदीचे पीक बियांपासून घेत नाहीत. कंदांपासूनच लागवड करतात. मुख्य झाडाखालील कंदास ‘जेठा गड्डा’, त्याच्या बाजूच्या कंदांस ‘बगल गड्डे’ आणि त्यांना फुटणाऱ्या बोटांसारख्या भागांस ‘हळकुंडे’ म्हणतात. बेण्यासाठी गड्डे निवडून ठेवतात, तर वाळवून विक्रीस जाणाऱ्या मालात हळकुंडांना अधिक मान असतो. हिंगोली येथील संत नामदेव मार्केट यार्ड आणि वसमत येथील बाजारपेठ ही जिल्ह्यातील हळदीच्या व्यापाराची प्रमुख केंद्रे आहेत.

केंद्र शासनाच्या आकडेवारीनुसार २०२२–२३ मध्ये भारतात ३.२४ लाख हेक्टर क्षेत्रावर ११.६१ लाख टन हळद पिकली. जगातील एकूण उत्पादनाच्या तीनचतुर्थांशाहून अधिक वाटा भारताचा आहे. महाराष्ट्र, तेलंगणा, कर्नाटक व तमिळनाडू ही देशातील प्रमुख उत्पादक राज्ये होत. महाराष्ट्रात वसमतप्रमाणेच वर्धा जिल्ह्यातील ‘वायगाव हळद’ (२०१६) आणि ‘सांगली हळद’ (२०१८) यांनाही भौगोलिक मानांकन मिळालेले आहे.

तेल व अर्क काढण्याच्या पद्धती

हळदीची पूड पाण्यासह उकळून किंवा तिच्यातून वाफ सोडून, ती वाफ थंड केली असता पाण्यावर तेलाचा थर जमतो. या क्रियेस ऊर्ध्वपातन म्हणतात. वाळलेल्या हळदीत बाष्पनशील तेल सामान्यतः ३ ते ६ टक्के असते. कुरकुमिनाचे वाफेबरोबर बाष्पीभवन होत नाही. त्यामुळे अशा रीतीने काढलेल्या तेलात ते जवळजवळ नसतेच. ‘हळदीचे तेल’ या नावाने विकल्या जाणाऱ्या पदार्थात कुरकुमिनाचे गुण असतील, असा समज आढळतो. तो या कारणास्तव चुकीचा ठरतो. घरगुती पद्धतीने खोबरेल वा तिळाच्या तेलात हळद तापवून केलेले तेल हा तिसराच प्रकार होय. त्यात मूळ तेलाचे प्रमाण बहुतांश असून हळदीचे घटक अल्प प्रमाणात उतरतात.

अर्कासाठी ॲसिटोन, अल्कोहोल किंवा एथिल ॲसिटेट यांसारखे विद्रावक वापरतात. विद्रावक काढून टाकल्यावर घट्ट, गडद नारिंगी रंगाचा पदार्थ उरतो. त्यास तैलराळ म्हणतात. तैलराळेत रंगद्रव्य व बाष्पनशील तेल दोन्ही असतात. तिच्यातून कुरकुमिनाचे स्फटिक वेगळे केल्यावर मागे तेलकट द्रव उरतो. कुरकुमीननिर्मितीच्या कारखान्यांत हा द्रव उपउत्पादन मानला जातो. म्हैसूर येथील केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी १९९९ मध्ये या उपउत्पादनातील तेल वेगळे करून त्याच्या जीवाणूरोधी गुणांचा अभ्यास प्रसिद्ध केला. टाकाऊ समजल्या जाणाऱ्या द्रवातही उपयुक्त घटक असल्याचे त्यातून दिसून आले.

रासायनिक घटक

कुरकुमीन १८१५ मध्ये फोगेल व पेल्तिए यांनी हळदीपासून प्रथम वेगळे केले. त्याची रेणूरचना १९१० मध्ये निश्चित झाली. त्याच्या एका रेणूत कार्बनचे २१, हायड्रोजनचे २० व ऑक्सिजनचे ६ अणू असतात. हळदीत कुरकुमिनासोबत डीमेथॉक्सिकुरकुमीन व बिसडीमेथॉक्सिकुरकुमीन ही दोन जवळची संयुगे असतात. या तिघांना मिळून कुरकुमिनॉइडे म्हणतात. त्यांत कुरकुमिनाचा वाटा सर्वांत मोठा असतो. वाळलेल्या हळदीतील कुरकुमिनॉइडांचे प्रमाण जात, जमीन, हवामान व प्रक्रिया यांनुसार साधारणतः २ ते ६ टक्क्यांच्या दरम्यान राहते. कुरकुमीन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही; अल्कोहोल, ॲसिटोन व उष्ण स्निग्ध पदार्थ यांत ते विरघळते. फोडणीतील तेलात हळद घातल्याबरोबर रंग खुलतो, त्याचे हेच कारण होय.

बाष्पनशील तेलात एआर-टर्मेरोन, अल्फा-टर्मेरोन व बीटा-टर्मेरोन ही कीटोन वर्गातील संयुगे प्रमुख असतात. त्यांशिवाय झिंजिबेरीन, कुरकुमीन या नावाशी साम्य असलेले परंतु रचनेने पूर्णतः भिन्न असे एआर-कुरकुमेन इत्यादी घटक आढळतात. पानांतील तेलाची घडण कंदातील तेलापेक्षा वेगळी असते. त्यात अल्फा-फेलँड्रीन, टर्पिनोलीन, सिनिओल यांसारखी हलकी संयुगे अधिक असतात. कोकण व गोव्यात पातोळ्यांना येणारा गंध पानांतील या तेलाचा असतो.

प्रतिऑक्सिडीकारक गुण

तेल किंवा तूप दीर्घकाळ उघडे राहिल्यास त्याला खवट वास येतो. हवेतील ऑक्सिजनाशी स्निग्धाम्लांची विक्रिया होऊन मुक्त मूलके तयार होतात. एक मूलक दुसऱ्या रेणूवर आघात करून नवे मूलक निर्माण करते आणि ही साखळी वाढत जाते. कुरकुमिनाच्या रेणूच्या दोन्ही टोकांना फिनॉल गट असतात. त्यांतील हायड्रोजन अणू मुक्त मूलकास मिळाला की ते मूलक शांत होते व साखळी तुटते. लोह, तांबे यांसारख्या धातूंचे आयन खवटपणाची क्रिया वेगवान करतात. त्यांना बांधून ठेवण्याची क्षमताही कुरकुमिनात आहे. या गुणाविषयीच्या आरंभीच्या शास्त्रीय लेखांत ओ. पी. शर्मा यांच्या १९७६ मधील लेखाचा उल्लेख केला जातो.

प्रयोगशाळेत हा गुण मोजण्याच्या अनेक पद्धती आहेत. डीपीपीएच या जांभळ्या रंगाच्या स्थिर मूलकाच्या विद्रावात अर्क घातला असता रंग जितका फिका होईल तितका अर्क प्रभावी समजतात. दुसऱ्या पद्धतीत तेलात अर्क मिसळून ते उबदार जागी ठेवतात आणि ठरावीक दिवसांनी त्यातील पेरॉक्साइडांचे प्रमाण मोजतात. पहिली पद्धत जलद आहे. परंतु अन्नात प्रत्यक्ष काय घडेल, याचा अंदाज दुसऱ्या पद्धतीने अधिक चांगला येतो. तुलनेसाठी अनेकदा बीएचए, बीएचटी ही खाद्योद्योगातील कृत्रिम संयुगे वापरतात.

तीन कुरकुमिनॉइडांपैकी कुरकुमीन सर्वाधिक व बिसडीमेथॉक्सिकुरकुमीन सर्वांत कमी प्रभावी ठरते. रेणूतील मेथॉक्सी गट कमी होत जातात तसतशी क्षमता उतरते. बाष्पनशील तेलातील टर्मेरोन संयुगांत फिनॉल गट नसतात. त्यामुळे तेलाची प्रतिऑक्सिडीकारक क्षमता अर्काच्या मानाने मध्यम स्वरूपाची असते.

सूक्ष्मजीवरोधी गुण

कुरकुमिनाच्या जीवाणूरोधी क्रियेची नोंद १९४९ मध्ये श्राउफश्टेटर व बर्न्ट यांनी ‘नेचर’ या नियतकालिकात केली. त्यानंतर अनेक संस्थांनी निरनिराळ्या जीवाणूंवर व बुरशींवर हळदीच्या तेलाचे व अर्काचे प्रयोग केले. अशा प्रयोगांत सामान्यतः दोन मापे वापरतात. जीवाणू वाढवलेल्या अगारच्या थराच्या बशीत अर्क लावलेली कागदाची चकती ठेवली असता तिच्याभोवती जीवाणूरहित वर्तुळ दिसते. या वर्तुळाचा व्यास हे पहिले माप. वाढ थांबवण्यास लागणारी अर्काची किमान तीव्रता हे दुसरे माप. कुरकुमीन पाण्यात विरघळत नसल्याने अगारमध्ये ते नीट पसरत नाही. म्हणून केवळ वर्तुळाच्या व्यासावरून तेल व अर्क यांची तुलना करणे दिशाभूल करणारे ठरू शकते.

म्हैसूर येथील उपरोल्लेखित अभ्यासात तेलातील टर्मेरोनयुक्त भाग बॅसिलस सिरियस, बॅसिलस सब्टिलिस, स्टॅफिलोकॉकस ऑरियस, इश्चेरिचिया कोलाय इत्यादी जीवाणूंविरुद्ध प्रभावी आढळला. सर्वसाधारणपणे ग्रॅम-धन जीवाणू अशा पदार्थांना लवकर बळी पडतात. ग्रॅम-ऋण जीवाणूंना बाहेरून आणखी एक पटल असते व ते तेलकट संयुगांना आत शिरू देत नाही.

बुरशीच्या बाबतीत तेल व कुरकुमीन यांतील भेद अधिक ठळकपणे दिसतो. थायलंडमधील संशोधकांनी १९९५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात त्वचेवर नायटा उत्पन्न करणाऱ्या बुरशींचे १५ नमुने तपासले. हळदीच्या तेलाने सर्व नमुन्यांची वाढ रोखली. कुरकुमिनाने एकाही नमुन्याची वाढ रोखली नाही. जो घटक प्रतिऑक्सिडीकारक म्हणून श्रेष्ठ, तोच बुरशीरोधक म्हणून निष्प्रभ ठरू शकतो, हे या उदाहरणावरून स्पष्ट होते.

कुरकुमीन जीवाणूंवर कसे कार्य करते, याचा एक खुलासा मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील दुलाल पांडा व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये मांडला. जीवाणूच्या पेशीचे विभाजन होताना एफटीएसझेड नावाच्या प्रथिनाचे कडे तयार होते. कुरकुमीन या प्रथिनाची जुळणी बिघडवते. परिणामी पेशी लांबत जाते, पण तिचे विभाजन होत नाही. तेलातील घटक प्रामुख्याने पेशीच्या पटलात शिरून त्याची घडी विस्कटतात, असे मानले जाते.

तेलातील एआर-टर्मेरोन व टर्मेरोन ही संयुगे पिठात होणाऱ्या तांबड्या भुंग्याला दूर ठेवतात, हे १९८२ मध्ये अमेरिकेत दाखवण्यात आले. साठवणीच्या धान्याला हळद लावण्याच्या घरगुती प्रथेला त्यामुळे शास्त्रीय आधार मिळाला.

बियांच्या मसाल्यांशी तुलना

मराठी स्वयंपाकघरातील बियांच्या मसाल्यांतही बाष्पनशील तेले असतात. त्यांच्या घटकांशी तुलना केल्यास हळदीच्या तेलाचे स्थान लक्षात येते.

ओवा : तेलातील प्रमुख घटक थायमॉल. हे फिनॉल वर्गातील संयुग असल्याने ओव्याचे तेल सूक्ष्मजीवरोधी व प्रतिऑक्सिडीकारक अशा दोन्ही बाबतींत प्रबळ ठरते.

जिरे : प्रमुख घटक क्युमिनाल्डिहाइड. बुरशी व जीवाणू यांविरुद्ध परिणामकारक. प्रतिऑक्सिडीकारक क्षमता ओव्यापेक्षा कमी.

धने : प्रमुख घटक लिनालूल हे अल्कोहोल. परिणाम मध्यम स्वरूपाचा.

बडीशेप : प्रमुख घटक ॲनेथॉल. गोडसर स्वाद व सौम्य परिणाम.

कलौंजी : बाष्पनशील तेलात थायमोक्विनोन असते. त्याशिवाय बियांत मोठ्या प्रमाणावर स्थिर खाद्यतेल असते. दाबून काढलेल्या तेलात दोन्ही एकत्र येतात.

केवळ सूक्ष्मजीवरोधी तेल हवे असल्यास ओव्याचे किंवा लवंगेचे तेल हळदीच्या तेलापेक्षा सामान्यतः कमी मात्रेत काम करते. हळदीचे वैशिष्ट्य असे की, एकाच कंदात रंगद्रव्य व बाष्पनशील तेल असे दोन स्वतंत्र गुणसमूह एकत्र नांदतात.

काढणीनंतरची प्रक्रिया आणि गुणांची टिकवण

काढलेली हळद शिजवून, वाळवून व घासून चकाकी आणून बाजारात नेतात. शिजवल्याने कंदातील पिष्ट पदार्थ लापशीसारखा होतो, रंग सर्वत्र सारखा पसरतो, कच्चा वास जातो आणि वाळण्यास लागणारा वेळ कमी होतो. पूर्वी मोठ्या कढईत पाण्यात हळद शिजवीत. आता वाफेवर चालणारे कुकर सर्वत्र दिसतात. कढईच्या पद्धतीत फेस येऊन हळदीचा विशिष्ट वास सुटला व काडी कंदात सहज शिरू लागली की शिजवणे थांबवतात. कमी शिजलेली हळद ठिसूळ होते आणि जास्त शिजलेल्या हळदीचा रंग बिघडतो. गड्डे व हळकुंडे यांची जाडी वेगळी असल्याने ती वेगवेगळी शिजवणे आवश्यक असते. शिजवण्यास उशीर झाल्यासही मालाची प्रत खालावते.

यानंतर हळद स्वच्छ व कठीण जागेवर सुमारे १० ते १५ दिवस उन्हात वाळवतात. वाळलेल्या मालाचे वजन ओल्या हळदीच्या साधारण पाचव्या हिश्श्याइतके भरते. वाळलेले हळकुंड मोडताना खट्ट असा आवाज येणे ही ते पुरेसे वाळल्याची पारंपरिक खूण आहे. शेवटी फिरत्या पिंपात घालून त्यावरील साल व मुळे काढतात.

या सर्व टप्प्यांत उष्णता, प्रकाश, आर्द्रता आणि काळ हे चार घटक गुणांवर परिणाम करतात. कुरकुमीन प्रकाशात विघटन पावते. कपड्यावरील हळदीचा डाग उन्हात फिका पडतो तो यामुळेच. बाष्पनशील तेल उष्णतेने व दीर्घकाळ उघडे राहिल्याने उडून जाते. दळलेल्या पुडीचा हवेशी व प्रकाशाशी संपर्क अखंड हळकुंडापेक्षा कितीतरी अधिक असल्यामुळे पुडीचे गुण लवकर घटतात. म्हणून हळद शक्यतो हळकुंडाच्या रूपात साठवून लागेल तशी दळणे, आणि पूड अपारदर्शक, हवाबंद डब्यात ठेवणे हितावह असते.

स्वयंपाकातही काही अंश नष्ट होतो. म्हैसूरच्या संस्थेने २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार शिजवण्याच्या निरनिराळ्या पद्धतींत २७ ते ५३ टक्के कुरकुमीन घटले. प्रेशर कुकरमध्ये १० मिनिटे शिजवल्यावर घट सर्वाधिक होती. चिंच घातली असता ही घट १२ ते ३० टक्क्यांवर आली. आम्ल माध्यमात कुरकुमीन अधिक स्थिर राहते व अल्कधर्मी माध्यमात झपाट्याने विघटन पावते, या तत्त्वाशी हा निष्कर्ष जुळतो. शाळेच्या प्रयोगशाळेत हळदीचा कागद साबणाच्या किंवा चुन्याच्या पाण्यात लाल होतो, तेव्हा कुरकुमिनावर अल्कलीचा परिणाम प्रत्यक्ष पाहावयास मिळतो.

हळदीवरील सूक्ष्मजीव आणि भेसळ

सूक्ष्मजीवरोधी पदार्थावर सूक्ष्मजीव वाढत नाहीत, असा निष्कर्ष काढणे योग्य नव्हे. हळदीचे पीक मातीत वाढते व उघड्यावर वाळते. त्यामुळे तिच्यावर जीवाणूंचे बीजाणू व बुरशीचे कण असतात. नीट न वाळलेल्या किंवा पुन्हा ओलसर झालेल्या हळदीवर ॲस्परजिलस वंशातील बुरशी वाढून अफ्लाटॉक्सिन हे यकृतास घातक विष तयार होऊ शकते. भारतीय अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाने मसाल्यांतील एकूण अफ्लाटॉक्सिनाची मर्यादा ३० मायक्रोग्रॅम प्रति किलोग्रॅम ठेवली आहे. युरोपीय संघाची हळदीसाठीची मर्यादा १० मायक्रोग्रॅम म्हणजे त्याहून कडक आहे. निर्यातीचा माल नाकारला जाऊ नये यासाठी अवकाळी पावसापासून बचाव, ताडपत्री किंवा सिमेंटच्या खळ्यावर वाळवणी आणि कोरडी साठवण यांना महत्त्व आहे. मसाल्यांतील सूक्ष्मजीव कमी करण्यासाठी वाफेची प्रक्रिया किंवा गॅमा किरणांचा मारा करतात. नवी मुंबईतील वाशी येथे मसाल्यांसाठीचे विकिरण प्रक्रिया संयंत्र २००० पासून कार्यरत आहे.

रंग उठावदार दिसावा म्हणून हळदीत मेटॅनिल यलो हा कृत्रिम रंग किंवा शिसेयुक्त लेड क्रोमेट मिसळल्याचे प्रकार घडले आहेत. लेड क्रोमेटमधील शिसे मुलांच्या मेंदूच्या वाढीस अपायकारक असते. बांगलादेशात २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने हा प्रश्न ऐरणीवर आणला व त्यानंतर तेथे कडक कारवाई झाली. गडद पिवळा रंग म्हणजे अधिक कुरकुमीन, असे डोळ्यांनी ठरवता येत नाही. त्यासाठी प्रयोगशाळेतील वर्णपटमापकाने केलेली तपासणीच ग्राह्य असते.

प्रयोगशाळा आणि मानवी शरीर

परीक्षानळीत कुरकुमीन पेशींच्या वा जीवाणूंच्या थेट संपर्कात असते. तोंडावाटे घेतलेले कुरकुमीन मात्र आतड्यातून अत्यल्प प्रमाणात शोषले जाते. जे शोषले जाते त्याचे आतड्याच्या भित्तीत व यकृतात लवकर रूपांतर होऊन ते बाहेर टाकले जाते. कित्येक ग्रॅम कुरकुमीन घेतल्यानंतरही रक्तातील मूळ कुरकुमिनाची पातळी प्रयोगशाळेत परिणाम दाखवणाऱ्या तीव्रतेच्या मानाने फारच कमी आढळते. बंगळूर येथील सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयातील संशोधकांनी १९९८ मध्ये दाखवले की, २ ग्रॅम कुरकुमिनाबरोबर मिऱ्यातील पायपेरीन २० मिलिग्रॅम दिल्यास माणसाच्या शरीरातील कुरकुमिनाची उपलब्धता सुमारे २० पटींनी वाढते. मात्र मूळ पातळीच नगण्य असल्यामुळे ही वाढ मोठ्या परिणामाची हमी ठरत नाही. शिवाय पायपेरीन इतर औषधांच्या शोषणावरही प्रभाव टाकते.

कुरकुमिनाच्या औषधी दाव्यांचा चिकित्सक आढावा २०१७ मध्ये ‘जर्नल ऑफ मेडिसिनल केमिस्ट्री’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. कुरकुमीन अस्थिर व अनेक रेणूंशी विक्रिया करणारे असल्याने प्रयोगशाळेतील चाचण्यांत ते फसवे सकारात्मक निष्कर्ष देऊ शकते, असे त्यात दाखवून देण्यात आले.

प्रमाणाचा विचारही आवश्यक आहे. चहाच्या एका चमच्यात सुमारे ३ ग्रॅम हळद मावते. तिच्यात ३ टक्के कुरकुमीन धरल्यास ते ९० मिलिग्रॅम होते. बाजारातील एका कॅप्सूलमध्ये अनेकदा ५०० मिलिग्रॅम कुरकुमिनॉइडे असतात. जागतिक अन्न व कृषी संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या संयुक्त तज्ज्ञ समितीने खाद्यरंग म्हणून कुरकुमिनाची स्वीकारार्ह दैनिक मर्यादा शरीराच्या प्रत्येक किलोग्रॅम वजनामागे ३ मिलिग्रॅमपर्यंत निश्चित केली आहे. ६० किलोग्रॅम वजनाच्या व्यक्तीसाठी ती १८० मिलिग्रॅम होते. इटलीत २०१९ मध्ये हळदीच्या पूरक गोळ्या घेणाऱ्या काही व्यक्तींना कावीळ व यकृतदाह झाल्याच्या नोंदी झाल्या. स्वयंपाकातील हळद आणि संहत अर्काच्या गोळ्या यांत म्हणूनच भेद करावा लागतो. रक्त पातळ करणारी औषधे घेणारे, पित्ताशयात खडे असलेले व यकृताचे रुग्ण यांनी अशा गोळ्या वैद्यकीय सल्ल्याशिवाय घेऊ नयेत. जखमेवर हळद लावण्याची परंपरा जुनी असली, तरी खोल, मातीने माखलेल्या किंवा भाजलेल्या जखमेवर स्वयंपाकघरातील हळद हा वैद्यकीय उपचारांना पर्याय नाही. त्या पुडीतच जीवाणूंचे बीजाणू असू शकतात.

स्वामित्वहक्काचा वाद

जखमा भरून येण्यासाठी हळदीचा वापर या विषयावर अमेरिकेतील मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रास २८ मार्च १९९५ रोजी पेटंट (क्रमांक ५४०१५०४) देण्यात आले. भारताच्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने, डॉ. रघुनाथ माशेलकर महासंचालक असताना, १९९६ मध्ये त्यास आव्हान दिले. हा उपयोग भारतात पूर्वापार ज्ञात असल्याचे दाखवण्यासाठी ३२ संदर्भ सादर करण्यात आले. त्यांत जुन्या संस्कृत ग्रंथांतील उल्लेख आणि १९५३ मध्ये इंडियन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात छापलेला लेख यांचा समावेश होता. अमेरिकी पेटंट कार्यालयाने १९९७ मध्ये हे दावे फेटाळले. हळदीत औषधी गुण आहेत किंवा नाहीत, हा या वादाचा विषय नव्हता. तो वापर नवा आहे किंवा नाही, एवढाच प्रश्न होता. घराघरांत तोंडी चालत आलेले ज्ञान लेखी पुराव्याअभावी परक्याच्या नावावर लागू शकते, ही जाणीव या प्रकरणाने दृढ केली. २००१ मध्ये पारंपरिक ज्ञानाच्या अंकीय ग्रंथालयाचा प्रकल्प सुरू झाला, त्यामागे ही पार्श्वभूमी होती.

उपयोग आणि सद्यस्थिती

कुरकुमीन ‘ई १००’ या सांकेतिक क्रमांकाने खाद्यरंग म्हणून लोणी, चीज, मोहरीयुक्त चटण्या, मिठाई इत्यादींत वापरतात. तैलराळ मसाला उद्योगात, तर तेल सौंदर्यप्रसाधने, साबण व सुगंधी द्रव्ये यांत उपयोगी पडते. काढणीपूर्वी कापलेला हळदीचा पाला बहुधा शेतातच राहतो. त्यापासून ऊर्ध्वपातनाने तेल मिळवता येते. बाजारात न खपणाऱ्या बारीक व तुटक्या मालाचाही अर्कासाठी उपयोग होतो, कारण तेथे आकारापेक्षा घटकांचे प्रमाण महत्त्वाचे असते.

बाजार समितीतील लिलावात हळदीचा भाव प्रामुख्याने रंग, आकार, कठीणपणा व ओलावा पाहून ठरतो. अर्क काढणारा उद्योग कुरकुमिनाच्या टक्केवारीला महत्त्व देतो. ही टक्केवारी गावपातळीवर मोजता आली, तर चांगल्या प्रतीच्या मालाला त्यानुसार भाव मागणे उत्पादकास शक्य होईल. या दृष्टीने संशोधन व तपासणीच्या सुविधा जिल्ह्यातच असणे उपयुक्त ठरते. राज्य शासनाने वसमत येथे बाळासाहेब ठाकरे हरिद्रा (हळद) संशोधन व प्रशिक्षण केंद्र उभारण्यास २०२२ मध्ये मान्यता दिली. परभणी येथील वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ, सांगली जिल्ह्यातील कसबे डिग्रज येथील हळद संशोधन योजना आणि कोळिकोड येथील भारतीय मसाला पिके संशोधन संस्था या पिकाविषयी मार्गदर्शन करतात. राष्ट्रीय हळद मंडळाचे उद्घाटन १४ जानेवारी २०२५ रोजी झाले असून त्याचे मुख्यालय तेलंगणातील निजामाबाद येथे आहे.